चाकाचा गाभा : तुंब्यापासून छऱ्यांपर्यंत



चाकाची थोरवी आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. मनुष्यानें चाक शोधून काढलें आणि संस्कृतीचा रथ चालूं लागला, असें शाळेच्या पुस्तकांत प्रत्येकानें वाचलेलें असतें. परंतु नुसती वाटोळी वस्तु म्हणजे चाक नव्हे. डोंगरावरून घरंगळणारा धोंडाहि वाटोळाच असतो. तिच्या मध्यभागीं भोंक पडून त्यांत दुसरी एक न फिरणारी वस्तु शिरते, तेव्हां ती चाक या पदवीस पोंचते. एक फिरते, दुसरी स्थिर राहते. आणि दोहोंची गांठ जेथें पडते तेथेंच सारा भार येतो, सारी झीज होते व चाकाचें आयुष्य ठरतें. त्या ठिकाणास संस्कृतांत नाभि म्हणत, आपल्या सुतारांनीं त्यास तुंबा म्हटलें, आणि सायकल दुरुस्त करणारा मिस्त्री त्यालाच आज हब म्हणतो. या तुंब्याचा इतिहास, आणि तो झिजला असतां काय करावयाचें या विद्येचाहि इतिहास, आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

हा इतिहास सांगतांना गडचिरोली जिल्ह्यांतील सूरजागड हें ठिकाण मीं मुद्दाम डोळ्यांपुढें ठेवलें आहे. त्याचीं कारणें दोन. एक असें कीं, एटापल्ली तालुक्यांतील सूरजागडचा डोंगर हा लोहखनिजाचा डोंगर आहे. चाकाच्या गाभ्यास जो धातु लागतो तो तेथें पायांखालीं आहे. दुसरें असें कीं, त्या रानमुलुखांत चाक अडलें म्हणजे माणूस अडतो. पुण्यामुंबईस सायकल बिघडली तर बस आहे, रिक्षा आहे, निदान चार पावलांवर दुकान आहे. सूरजागडच्या बाजूस, पावसाळ्यांत नाले भरलेले असतां, सायकलचें चाक रुतूं लागलें तर त्या दिवसाची शाळा बुडते किंवा दवाखान्याची वाट लांबते. ज्या वस्तूवांचून खरोखर अडतें तिचेंच मोल नीट कळतें.

प्रथम बैलगाडी पाहूं. तिच्या चाकाचे भाग आपल्या कारागिरांनीं किती नेमके ओळखले होते, तें त्यांच्या नांवांवरूनच दिसतें. मध्यें तुंबा, तुंब्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले लाकडी पाटे, आणि त्यांवर लाल तापवून चढविलेली लोखंडी धांव. तुंब्यासाठीं बाभळीसारखें, किंवा रानांत मिळेल तेथें तिवसासारखें, चिवट लाकूड निवडीत; कारण ज्या लाकडास चहूंकडून भोंकें पाडावयाचीं तें ठिसूळ असून चालत नाहीं. तुंब्याच्या पोटांतून कणा जातो. जुन्या गाड्यांत हा कणाहि लाकडीच असे. लाकूड लाकडावर घासे, गाडी कुरकुरे, उन्हाळ्यांत तुंबा तापे, आणि एरंडेलाचें वंगण घालून गाडीवान त्याची समजूत काढी. पुढें कणा लोखंडाचा झाला व तुंब्याच्या भोकांत लोखंडी नळी ठोकून बसविण्याची चाल पडली.

ही नळी दिसावयास क्षुल्लक. परंतु तिच्यामागें मोठा विचार आहे. तुंबा घडविणें हें सुताराचें मोठें काम. कण्यावर घासून तुंब्याचें भोंक मोठें झालें तर सारें चाक वांयां जातें. नळी बसविल्यावर घासते ती नळी. तुंबा शाबूत राहतो. नळी पातळ झाली म्हणजे लोहाराकडून दुसरी बसवून घ्यावी, चाक पुन्हां चालूं लागतें. झीज कोणालाहि टाळतां येत नाहीं. परंतु ती कोठें व्हावी हें मनुष्यास ठरवितां येतें. महागाची वस्तु वांचवून झीज स्वस्त व बदलतां येण्याजोग्या वस्तूवर ढकलावी, हा तो विचार होय. तुंब्याच्या पुढच्या साऱ्या इतिहासांत हाच विचार अधिकाधिक चोख होत गेला आहे.

लोखंडाची विद्या विदर्भास नवी नव्हती. नागपूर जिल्ह्यांत नैकुंड येथें शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांनीं जें उत्खनन केलें, त्यांत महापाषाणकालीन वस्तीमध्यें लोखंड गाळण्याची भट्टी उजेडांत आली. तिचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ७०० वर्षे मानतात. चांद्याच्या बाजूसहि लोहारा, देवळगांव, पिंपळगांव अशा ठिकाणचें खनिज पूर्वींपासून प्रसिद्ध होतें. तात्पर्य, लोखंड होतें, तें गाळणारे हात होते, गाडी होती व वंगणहि होतें. तरीहि शतकानुशतकें तुंबा कण्यावर घासतच राहिला. त्याचें कारण पाहण्याजोगें आहे.

जमिनीवरून जड पेटी ओढावयाची असेल तर आपण तिच्याखालीं वाटोळ्या काठ्या घालतों. काठ्या लोळतात आणि पेटी सहज सरकते. घासणें जाऊन लोळणें येतें. चाकानें जमिनीशीं हेंच केलें. परंतु जमिनीवरचें घासणें नाहींसें झालें तरी तें पुरतें मेलें नाहीं. तें आंत, तुंब्यामध्यें जाऊन बसलें. तेथूनहि त्यास हांकलावयाचें तर तुंबा व कणा यांच्यामध्यें पुन्हां लोळणाऱ्या गोळ्या घातल्या पाहिजेत. युक्ति सुचण्यास कठीण नव्हती. इटलींत नेमी नांवाच्या सरोवराचें पाणी १९३० च्या सुमारास उपसलें गेलें, तेव्हां कालिगुला या रोमन बादशहाचीं दोन जहाजें तळाशीं सांपडलीं. त्यांतील एका फिरत्या बैठकीखालीं कांशाच्या गोळ्या बसविलेल्या आढळल्या. लिओनार्दो दा व्हिंची यानेंहि इसवी सन १५०० च्या आगेंमागें अशा गोळ्यांचीं चित्रें आपल्या वहींत काढून ठेविलीं होतीं. पुढें १७९४ सालीं वेल्समधील फिलिप व्हॉन या लोखंडाच्या कारखानदारानें गाडीच्या आंसाभोंवतीं गोळ्या बसविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें.

मग हीं गोळ्यांचीं चाकें तेव्हांच कां पसरलीं नाहींत? कारण उघड आहे. गोळी तंतोतंत वाटोळी पाहिजे, साऱ्या गोळ्या सारख्या पाहिजेत, आणि त्या अतिशय कठीण पोलादाच्या पाहिजेत. दहा गोळ्यांत एक केसभर मोठी असली तर सारा भार तिच्यावर येतो व ती फुटते. हातानें घडविलेल्या गोळ्यांत हा सारखेपणा येणें दुरापास्त होतें. शिवाय गाडी ओढणारा बैल किंवा घोडा मुका होता. तुंब्यांतील घर्षणानें त्याचे कष्ट वाढत. पण तो अर्ज करीत नसे.

सायकल आली आणि ही स्थिति पालटली. सायकलवर बसणारा व तिला ओढणारा हे दोघे एकच. तुंब्यांत वांयां जाणारी प्रत्येक शक्ति त्याच्याच मांड्यांतून जाते. तेव्हां या प्राण्यानें मात्र अर्ज केला. पॅरिस येथील ज्यूल सुरिरे या सायकल बनविणाऱ्या कारागिरानें १८६९ च्या ऑगस्टमध्यें गोळ्यांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रूआं अशी सुमारें १२० किलोमीटरची शर्यत झाली व ती जेम्स मूर यानें दहा तास चाळीस मिनिटांत जिंकली. त्याच्या सायकलला सुरिरेचीं बेअरिंगें होतीं, असें सायकलच्या इतिहासांत नोंदलेलें आहे. पुढें १८८३ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट गांवीं फ्रीड्रिख फिशर यानें पोलादी गोळ्या घासून एकसारख्या करण्याचें यंत्र तयार केलें, आणि जी वस्तु नवलाची होती ती दुकानांत वजनावर मिळूं लागली. गोळी जेथें टेकते त्या टिकलीएवढ्या जागेवर किती दाब पडतो याचें गणित १८८१ सालीं हाइन्रिख हर्ट्झ यानें मांडलें. ज्या लहरींवरून हें भाषण आपल्या घरापर्यंत पोंचत आहे, त्यांचें अस्तित्व पुढें प्रयोगानें दाखविणारा हर्ट्झ तो हाच.

१८६९ या वर्षाशीं आपल्या मुलुखाचाहि एक संबंध जुळतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म त्याच सालचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिक्षक होते. १८८८ सालीं त्यांनीं व त्यांचे बंधु रामूअण्णा यांनीं बेळगांवीं सायकलचें दुकान काढलें; लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली पाठवाव्या, रामूअण्णांनीं त्या विकाव्या, लोकांस चालवावयास शिकवाव्या व बिघडल्या तर दुरुस्त कराव्या, अशी ती व्यवस्था होती. पुढें लोखंडी नांगर आला, १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु महाराष्ट्राच्या या थोर कारखानदारीची बाराखडी सायकलच्या दुरुस्तींत गिरवली गेली, हें आपण विसरतों. परक्याची वस्तु उघडून पाहणें, ती कां झिजली हें ओळखणें आणि तो भाग बदलून ती पुन्हां चालती करणें, ही कारखानदारीची पहिली पायरी होय.

आतां सायकलचा हब उघडल्यावर आंत काय दिसतें तें पाहूं. मध्यें एक बारीक पोलादी आंस, त्याला एक्सल म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांस आटे असून त्यांवर शंकूच्या आकाराची एकेक टोपी फिरवून बसविलेली असते; मिस्त्री तिला कोन म्हणतो. हबच्या दोन्ही तोंडांशीं आंतल्या बाजूस वाटी असते. कोन आणि वाटी यांच्यामध्यें गोल फिरणाऱ्या गोळ्या, म्हणजे छर्रे. साधारण सायकलींत पुढच्या हबला दर बाजूस ३/१६ इंचाचे दहा व मागच्या हबला दर बाजूस पाव इंचाचे नऊ छर्रे असतात. म्हणजे एवढ्या मोठ्या सायकलचा, तिच्यावरील माणसाचा व मागें बांधलेल्या तांदळाच्या पोत्याचा भार अवघ्या अडतीस छऱ्यांवर तोललेला असतो. आणि कोणत्याहि क्षणीं तर त्यांतील खालच्या बाजूच्या चारदोन छऱ्यांवरच.

बैलगाडीच्या नळीमागचा विचार येथें किती चोख झाला आहे तो पाहा. सर्वांत स्वस्त छर्रा. तो आधीं झिजतो. त्याची हयगय केली तर कोनावर खड्डे पडतात. कोन थोडा महाग, पण तोहि बदलतां येतो. कोनाचीहि हयगय केली तर हबची वाटी खरवडते, आणि बहुतेक हबांत ती अंगचीच घट्ट बसविलेली असल्यामुळें सारा हबच टाकावा लागतो. मग आरे सोडून नवें चाक विणावें लागतें. वेळेवर चार पैसे खर्चिले नाहींत तर पुढें रुपये खर्चावे लागतात, ही म्हण हबच्या पोटांत अक्षरशः खरी ठरते.

घडीच्या सायकलीचा विषय येथेंच निघतो. दुमडून हातांत नेतां येईल अशा सायकली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत निघाल्या. फ्रान्समध्यें कॅप्टन जेरार यानें १८९० नंतर सैन्यासाठीं अशी सायकल पुढें आणली. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडच्या बी. एस. ए. कारखान्यानें छत्रीनें उतरणाऱ्या सैनिकांसाठीं दुमडती सायकल केली. पुण्यास कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांनीं जें सायकलींचें संग्रहालय उभारलें आहे, त्यांत या जातीची सायकल पाहावयास मिळते. या सैनिकी सायकलींचीं चाकें मोठीं होतीं; दुमडे ती केवळ चौकट. पुढें शहरवासीयांसाठीं घडी लहान व्हावी म्हणून चाकेंहि लहान झालीं. लंडनच्या अँड्र्यू रिची यानें १९७५ च्या सुमारास आपल्या घरांतच जी सायकल रचली, ती समोरच्या ब्रॉम्प्टन नांवाच्या प्रार्थनामंदिरावरून ब्रॉम्प्टन म्हणून प्रसिद्ध झाली; तिचीं चाकें सोळा इंची आहेत.

चाक लहान झालें म्हणजे हबावर काय गुदरतें, हें शाळेंतील मुलगाहि हिशेबानें सांगूं शकेल. नेहमींच्या अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सुमारें सव्वादोन मीटर. एक किलोमीटर जावयास तें साधारण ४५० वेळां फिरतें. सोळा इंची चाकाचा घेर सुमारें एक मीटर तेहतीस सेंटिमीटर. त्यास त्याच अंतरासाठीं ७५० फेरे घालावे लागतात. माणसाचें वजन तेंच, परंतु फेरे दीडपटीहून अधिक. त्यांत भर अशी कीं, घडी आटोपशीर व्हावी म्हणून पुढचा हब अरुंद केलेला असतो. नेहमींच्या १०० मिलिमीटरऐवजीं बऱ्याच घडीच्या सायकलींत तो ७४ मिलिमीटरांचा असतो. दोन बाजूंचीं बेअरिंगें एकमेकांच्या जवळ आलीं म्हणजे चाकाच्या आडव्या हिसक्यांचा ताण त्यांवर जास्त पडतो. लहान चाक खड्ड्यांत खोल उतरतें, म्हणून धक्काहि कडक बसतो. अर्थात् घडीची सायकल घरांत कोपऱ्यांत मावते म्हणून तिची निगा कमी लागते, असें समजणें चुकीचें आहे. तिच्या हबकडे अधिक लौकर पाहिलें पाहिजे.

हें पाहावयाचें कसें? चाक जमिनीवरून उचलून हातानें हळू फिरवावें. आंत वाळू दळल्यासारखी खरखर लागली तर वंगण संपलें किंवा छर्रे झिजले. मग चाकाची कड धरून तें आडवें हालवावें. तें डुगडुगलें तर कोन सैल झाला आहे किंवा झिजला आहे. उघडण्याचें काम मिस्त्री स्वच्छ कापडावर किंवा ताटलींत करतो, कारण हरवलेला छर्रा पुन्हां सांपडत नाहीं. तो प्रथम एका बाजूची चकती व कोन सोडवितो, एक्सल काढून घेतो, छर्रे मोजून ठेवितो, सारें रॉकेलानें धुतो आणि कोनाची वाट उजेडांत फिरवून पाहतो. ती गुळगुळीत आरशासारखी असली तर ठीक. तिच्यावर बारीक खड्ड्यांची रांग दिसली तर कोन बदलावा. छर्रे मात्र सर्वच्या सर्व नवे व एकाच मापाचे घालावे. जुन्यांत नवे मिसळूं नयेत. तसें केल्यास नवा छर्रा थोराड ठरतो आणि भार एकट्याच्या डोक्यावर घेऊन फुटतो. वाटींत ग्रीस भरून तीत छर्रे चिकटवावे, एक्सल घालावा व कोन आवळावा. खरें कसब या आवळण्यांत आहे. फार आवळला तर चाक जड फिरतें व छर्रे दोन महिन्यांत संपतात; फार सैल ठेवला तर ठोके बसून वाटी खराब होते. डुगडुग नुकती नाहींशी व्हावी आणि चाक आपल्या व्हॉल्व्हच्या वजनानें खालीं वळून थांबावें, हें जुन्या मिस्त्र्यांचें प्रमाण आहे. या साऱ्या कामास मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉलिंग. परंतु आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर त्याचें ओव्हरऑइलिंग झालें. शब्द अशुद्ध खरा. पण तेल घातल्याशिवाय तें काम होत नाहीं, म्हणून तो रूढ झाला तें बरेंच झालें.

अलीकडच्या पुष्कळ घडीच्या सायकलींत सुटे छर्रे नसून बंद बेअरिंग असतें. दोन पोलादी कड्यांमध्यें छर्रे व ग्रीस कायमचें कोंडलेलें, बाजूंस रबराची टोपी. त्याच्या अंगावर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६००१ या नंबराचें बेअरिंग आंतून १२, बाहेरून २८ व जाडीला ८ मिलिमीटर असतें, मग तें कोणत्याहि देशांत बनलेलें असो. तें दुरुस्त करीत नाहींत. हबमधून हलक्या हातानें ठोकून काढतात आणि त्याच नंबराचें नवें बसवितात. बसवितांना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यावा. आंतल्या कड्यावर दिला तर तो छऱ्यांतून जातो आणि नवें बेअरिंग बसण्यापूर्वींच मरतें. यांत धूळपाणी कमी शिरतें हा गुण. परंतु नेमका नंबर मिळाला नाहीं तर सायकल उभी राहते हा दोष. शहरांत तो दोष जाणवत नाहीं. एटापल्लीच्या आठवडी बाजारांत मात्र सुटे छर्रे विकणारा माणूस हा जगांतील उत्तम बंद बेअरिंगापेक्षां अधिक उपयोगी पडतो.

आतां सूरजागडच्या लोखंडाकडे वळूं. चांदा जिल्ह्यांतील लोखंडाविषयीं फॉन श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ सालीं प्रसिद्ध झाला व तो जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत आला. त्यांची एम्प्रेस मिल नागपुरांत १८७७ पासून चालू होती; हिंदुस्थानांत पोलादाचा कारखाना काढण्याची त्यांची कल्पना या अहवालानें पक्की झाली. लोहाऱ्याचें खनिज चांगलें. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामास उतरेना. वीस वर्षांनीं पुन्हां शोध सुरू झाला तेव्हां दोराबजी टाटा व अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड हे चांद्याच्या रानांत हिंडले. साठा पुरेसा नाहीं असें ठरलें. नागपूरच्या संग्रहालयांतील एका नकाशावरून ते दुर्गकडे वळले, पुढें प्रमथनाथ बोस यांच्या पत्रावरून मयूरभंजकडे गेले. १९०७ सालीं कंपनी स्थापन झाली व १९१२ सालीं जमशेदपूरच्या भट्टींतून पोलाद निघालें. म्हणजे ज्या स्वप्नाचा आरंभ चांद्याच्या लोखंडानें झाला, तें फळास आलें दूर पूर्वेस. आणि चांद्याचा मुलूख मागें राहिला.

२६ ऑगस्ट १९८२ रोजीं चांद्यापासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. सूरजागडवरील खाणीचा पट्टा २००७ सालीं दिला गेला, आणि २०२१ पासून तेथील खनिज नियमानें बाहेर पडूं लागलें. हा डोंगर तेथील माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचें स्थान आहे. दर वर्षीं जानेवारींत तेथें यात्रा भरते. म्हणून खाणीविषयीं त्या भागांत दोन मतें आहेत, व त्या वादाचा निवाडा करणें हा या भाषणाचा विषय नव्हे. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, डोंगरांतील तांबड्या दगडापासून हबमधील छऱ्यापर्यंत फार लांबचा प्रवास आहे. दगडाचें लोखंड, लोखंडाचें पोलाद, त्या पोलादांत सुमारें एक टक्का कर्ब व दीड टक्का क्रोमियम. मग तार, तारेचा तुकडा, तुकड्याची गोळी, गोळीस पाणी देणें, घासणें व झिलई करणें. या प्रत्येक पायरीस मोल चढतें. हिंदुस्थानांत बेअरिंग बनविण्याची ही विद्या उशिरा आली. जयपूरचा कारखाना १९४६ सालीं स्थापन होऊन १९५० सालीं तेथें पहिलीं बेअरिंगें निघालीं, व पुढें आपल्या चिंचवडलाहि हा धंदा उभा राहिला. सूरजागडचा दगड ट्रकांतून टनांच्या हिशेबानें बाहेर जातो. त्याच्याच जातीचें पोलाद छर्रे होऊन, चिमूटभर पुडींत बांधून, एटापल्लीच्या बाजारांत परत येतें.

परत येतें ही मोठी गोष्ट आहे. कारण तेथें त्याची वाट पाहणारी मंडळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठीं सायकली मिळतात. शाळा पांच किलोमीटर दूर आहे असें धरा. जाऊनयेऊन दहा किलोमीटर, म्हणजे दिवसाला साडेचार हजार फेरे. शाळेचे दोनशें दिवस धरले तर वर्षाला नऊ लक्ष फेरे. हे फेरे डांबरी सडकेवर नव्हेत. उन्हाळ्यांत खडीची तांबडी धूळ, पावसाळ्यांत गुडघाभर नाला. हब पाण्यांत बुडतो, ग्रीस धुऊन जातें, धूळ आंत शिरते व कुरुंदाच्या चाकासारखी छऱ्यांस घासते. अशा स्थितींत सायकल देणें हें अर्धेंच काम झालें. वर्षा-दीड वर्षांत चाक खरखरूं लागतें, पुढें डुगडुगतें, आणि एके दिवशीं ती सायकल भिंतीला टेकून उभी राहते ती उभीच. शिक्षकाच्या हजेरीपटांत त्याची नोंद निराळ्या रूपानें होते. तेथें गैरहजर एवढाच शब्द असतो. कोन झिजला, छर्रे संपले, असें कोणी लिहीत नाहीं. माझ्या नोकरीच्या काळांत मींहि असे पट पुष्कळ भरले, आणि मुलगी शाळा कां सोडते याच्या मोठमोठ्या कारणांची चर्चा पुष्कळ ऐकली. तीं कारणें खरीं आहेत. परंतु एका नाजूक वयांत, घरचीं माणसें आधींच नाखूष असतां, महिनाभर बंद पडलेली सायकल हेंहि पुरेसें कारण होतें.

म्हणून माझें म्हणणें असें आहे कीं, ज्या ज्या शाळेंत सायकली दिल्या जातात तेथें एक कोनपाना, एक ग्रीसचा डबा आणि दोन मापांच्या छऱ्यांच्या पुड्या याहि द्याव्या, व हब उघडण्याची विद्या मुलामुलींस वर्गांत शिकवावी. तीस दोन तासांहून अधिक वेळ लागत नाहीं. तींत भूमिति आहे, कारण गोलावर गोल एका बिंदूंतच टेकतो. पदार्थविज्ञान आहे, कारण घासणें व लोळणें यांतला भेद हातास कळतो. इतिहास आहे, तो आतांच सांगितला. आणि शहरांतील सुशिक्षित घरांसहि हें लागू आहे. आपल्या घरची घडीची सायकल खरखरूं लागली म्हणजे ती जुनी झाली असें समजून अडगळींत टाकूं नये किंवा विकून नवी आणूं नये. जुना झालेला असतो एक छर्रा.

बैलगाडीच्या तुंब्यांत ज्या अनाम लोहारानें पहिली नळी ठोकली, त्यानें मानवजातीस एक शहाणपण शिकविलें: वस्तु अशी करावी कीं तिचें मोलाचें अंग टिकावें, व झिजणारें अंग साध्या माणसास साध्या हत्यारानें बदलतां यावें. सुरिरेचे छर्रे, फिशरचें यंत्र व हर्ट्झचें गणित यांनीं त्या शहाणपणास धार दिली. हल्लीं पुष्कळ वस्तु उघडतांच येऊं नयेत अशा बंद करून विकल्या जातात. त्यांत एक लहानसा भाग झिजला कीं सारी वस्तु केरांत जाते. सायकलचा हब त्या रीतीस अजून वश झालेला नाहीं. तो आपणांस सांगतो कीं मला उघडा, पाहा, पुसा, आणि जें झिजलें असेल तेवढेंच बदला. त्याचें म्हणणें ऐकण्यास फार पैसा लागत नाहीं. थोडा वेळ, थोडें ग्रीस आणि हात काळे होऊं देण्याची तयारी एवढें पुरतें.